ओरिजिनल पण चुकलाय

सीडीसोबत एक पुस्तिका आली होती. सोळा पानांची, गुळगुळीत कागदाची, तळहाताएवढी. तिच्या बाराव्या पानावरच्या तीन ओळी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा महाडच्या बाजारपेठेत एका दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. वाचून माझ्या तोंडून जी शिवी निघाली, ती ऐकून समोरच्या भाजीवालीने पेंढ्या बांधता बांधता मान वर केली. शिवी पुस्तिकेला नव्हती, दुकानदारालाही नव्हती. ती माझी मलाच होती, आणि चांगली तेरा-चौदा वर्षं उशिरा आली होती.

हे प्रकरण समजायला आधी माझा मामा समजला पाहिजे.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. वीस-पंचवीस घरं, खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरी. मामाच्या घरी दोन म्हशी होत्या आणि एक पेटी होती. म्हशींचं मामी बघायची आणि पेटीचं मामा. वाडीच्या भजनी मंडळाचा तो बुवा, म्हणजे पेटीवर बसून गाणारा आणि बाकीच्यांना आपल्यामागे ओढून नेणारा. आवाज फार गोड होता अशातला भाग नाही. तो स्वतःच म्हणायचा, "माझ्या गळ्यात काय राम नाय." पण कान! त्याच्या कानाबद्दल पंचक्रोशीत कोणी ब्र काढत नसे. लग्नात सनई सुरू झाली की मामा पत्रावळीवरून मान न उचलता सांगायचा, "उतरलीय." आणि ती उतरलेली असायची.

मंडळाला नव्या चाली लागायच्या त्या कॅसेटवरून. मुंबईतल्या मोठमोठ्या बुवांच्या कॅसेटी महाडला मिळायच्या, पण बऱ्याचशा कुठल्यातरी दुकानात घाईघाईने उतरवून घेतलेल्या. त्या पळायच्या. पळाल्या की आवाज वर चढायचा आणि पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळायचा नाही. मग चाल बसवायची कशी? त्यावर आमच्याकडच्या बुवा लोकांचा एक उपाय होता, आणि मामाइतक्या शिस्तीत तो कोणीच करत नसे. त्याच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात टेपरेकॉर्डरचे सेल तीन कप्प्यांत ठेवलेले असायचे: नवे, निम्मे आणि मेलेले. टेपला चार सेल लागायचे. कॅसेट पळत असेल तर दोन नवे, एक निम्मा, एक मेलेला असं काहीतरी जुळवायचं. टेप मंदावायचा. मामा एका हाताने पेटीची पट्टी दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने सेल बदलत राहायचा. टेपमधला आवाज पट्टीवर येऊन टेकला की म्हणायचा, "बसला." लोक निकामी सेल उकिरड्यावर टाकायचे, मामा ते मागून आणायचा. मला त्या डब्याची लाज वाटायची.

मला तेव्हा कशाकशाची लाज वाटायची. मी महाडला कॉलेजात होतो, खोली घेऊन राहत होतो, आणि शेजारच्या खोलीत एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणारा एक गोव्याचा इंजिनिअर राहत होता. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. एका रविवारी भिंतीपलीकडून गिटार ऐकू आली आणि मी हातातला भात तसाच टाकून त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने आत बसवलं. ब्लूज म्हणतात याला, म्हणाला. अमेरिकेतल्या एका काळ्या गवयाची ती रेकॉर्ड. एक माणूस, एक गिटार, बारा गाणी. बाकी काही म्हणजे काही नाही.

आता त्याचं वर्णन काय करू? अंगठ्याने तो खालची जाड तार एकसारखी ठोकत राहायचा, न थांबता, आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर हवं ते करायचा. एका बोटात बाटलीची मान कापून घातलेली, ती काच तारेवरून घसरायची आणि स्वर रडवेला व्हायचा. पण मला वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. तो ओळ अर्धी म्हणायचा आणि सोडून द्यायचा. शब्द तोंडातच. उरलेली ओळ गिटार पुरी करायची. तिसऱ्या गाण्यात तर शेवटच्या कडव्यात तो फक्त पहिला शब्द म्हणतो आणि गप्प होतो, पुढचं सगळं गिटारच बोलते. मला त्यातलं इंग्रजी निम्मंसुद्धा कळत नव्हतं आणि अंगावर काटा यायचा. इंजिनिअरने मला कॅसेटवर ती रेकॉर्ड उतरवून दिली. महिनाभर मी दुसरं काही ऐकलं नाही. कुठूनशी जुनी गिटार पैदा केली आणि बोटांना फोड येईपर्यंत घासली.

आणि मग अक्कल गहाण टाकून ती कॅसेट मामाला ऐकवायला घेऊन गेलो.

मला वाटलं होतं मामाला आवडेल. भजनातसुद्धा बुवा ओळ अर्धी सोडतो आणि मागचे उचलतात, तेच हे, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. मामाने पडवीत बसून पहिली दोन गाणी डोळे मिटून ऐकली. मग उठला, पेटी आणली आणि पट्टी दाबली. पांढरी तीन. मग पांढरी चार. मग परत तीन.

"पळतोय," म्हणाला.

"कोण पळतोय?"

"टेप रे. माणूस पळतोय. तीनवर नाय आणि चारवर नाय, मध्येच लोंबकळतोय. तिथं तर काळी पट्टीपण नाय."

मी त्याला समजावून सांगितलं. म्हणजे काय, इंजिनिअरने मला जे सांगितलं होतं तेच त्याच्या अंगावर फेकलं. की मामा, ब्लूजमध्ये असे स्वर असतात, ते पेटीत सापडत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधलेच असतात, तीच तर गंमत आहे.

"ते मला कळलं," मामा म्हणाला. "तो मधूनच स्वर चढवतो, हेलकावा देतो, ते मुद्दाम करतोय. ते मस्त हाय. पण ते वेगळं आणि अख्खा माणूसच वर चढलाय ते वेगळं. आणि श्वास बघ. एवढं सावकाशीनं वाजवणारा माणूस अशा धापा टाकील? छाती केवढी हाय त्याची, ऐकू येतेय. मग गळा बारीक कसा?"

मला तिडीक आली. सगळं सोडून याला श्वास दिसतो! मी म्हटलं, तू ठेव चार दिवस, नीट ऐक. आणि परीक्षेला महाडला निघून गेलो.

शनिवारी परत आलो तर पडवीत टेप चालू होता आणि माझा गवई जड, ढिला, झोपेतून उठल्यासारखा गात होता. डबा उघडा. सेल सगळीकडे पसरलेले. मामा माझ्याकडे बघून इतका हसला, इतका हसला, मला ते हसू अजून आठवतं. "ये, ये. बसला बघ. पांढरी तीन. आता ऐक कसा माणूस हाय तो."

मी ऐकलं नाही. टेपचं बटण दाबून कॅसेट बाहेर काढली आणि ओरडलो, "तुझ्या भजनाची कॅसेट आहे काय ही? टाळ कुटायचेत काय यावर?" मामीने आतून विचारलं काय झालं. मामाचं हसू गेलं. तो एकेक सेल उचलून डब्यात ठेवायला लागला, नवे नव्यांत, मेलेले मेलेल्यांत. मी आत जाऊन चहा मागितला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला मामाला चुकीचं ठरवायचं होतं. का, ते आज सांगता येणार नाही. बहुतेक असं असावं, की त्या गवयापर्यंत वाडीतला मीच तेवढा पोचलोय असं मला वाटत होतं आणि मामा चार सेल घेऊन माझ्या आधीच तिथे जाऊन बसला होता.

इंजिनिअर मुंबईला गेला तेव्हा मी त्याला कंपनीची खरी कॅसेट आणायला सांगितली. आली. छापील कव्हर, त्यावर त्या गवयाचा टोपीतला फोटो, पॅकिंग फोडलेलं नाही. मी पोलादपूरच्या स्टँडवरच्या दुकानातून चार कोरे सेल घेतले आणि रविवारी दुपारी थेट देवळात गेलो. मंडळाची तालीम चालू होती. मृदंगवाला, टाळकरी, शनिवार-रविवारी मुंबईहून आलेले दोघे-तिघे, सगळे धरून पंधराएक माणसं.

"मामा," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ही ओरिजिनल. हे नवे सेल. आता दाब पट्टी."

सगळे सरसावून बसले. अशी मजा कोणाला नको असते? टेप सुरू झाला. मामाने तीन दाबली, चार दाबली, भाता मारत राहिला. आवाज परत त्याच जागी, दोन्हींच्या मध्ये, जसाच्या तसा. मी हात वर केले. मृदंगवाला म्हणाला, "बुवा, आता काय?"

मामाने पेटीवरचा हात काढला नाही. थोडा वेळ ऐकत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मग ओरिजिनल पण चुकलाय."

देऊळ दणाणलं. माणसं अक्षरशः लोळली. टाळकरी टाळ वाजवायला लागले. "बुवा म्हणतात अमेरिका चुकली!" "पोलादपूर बरोबर!" आणि सगळ्यात मोठ्याने मी हसलो. हसता हसता वर म्हटलं, "मामा, तुझी पेटीच एकदा दुरुस्त करून घे."

मामा पेटीकडे बघत होता. त्याने भाता मिटवला, खिट्टी लावली. तालीम मात्र पुरी केली.

वाक्य वाडीत राहिलं नाही, पोलादपूरला गेलं. स्टँडवर एसटी उशिरा आली की, "ओरिजिनल पण चुकलाय!" रेशनच्या तांदळाचं वजन कमी भरलं की तेच. शाळेत मास्तरांचं गणित चुकलं की मागच्या बाकावरून तेच. निम्म्यांना माहीतसुद्धा नव्हतं हे कुठून आलं. मला आधी मजा वाटायची. मग डबलबारी आली. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना, समोरासमोर, एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने त्याला गाण्यातूनच टोला हाणायचा. समोरचा बुवा महाडच्या बाजूचा, तयारीचा. त्याने तिसऱ्या फेरीत मामाचं ते वाक्य गजरात गुंफलं आणि घोळवून घोळवून म्हटलं. मांडव हसून कोसळायचा बाकी. मामा उत्तर द्यायला पेटीवर बोटं ठेवून बसला आणि त्याला स्वरच सापडेना. मी समोर होतो. मी बघितलं, तो पट्ट्या चाचपत होता. ज्या माणसाने आयुष्यात कधी पेटीकडे बघून स्वर लावला नाही तो खाली वाकून पट्ट्या बघत होता.

त्यानंतर मामाने बारी घेतली नाही. बुवा म्हणून मंडळाने दुसरा माणूस धरला. गणपतीत घरच्या आरतीला मामा पेटी काढायचा, तेवढीच. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आता कान गेला." माझ्याशी वाईट कधी वागला नाही. पण गाण्यातलं एक अक्षर बोलला नाही. मी महाडला नोकरीला लागलो, लग्न झालं, दरवर्षी गणपतीत मामाकडे जायचो, तो शेतीचं बोलायचा, पावसाचं बोलायचा, आणि सनई वाजत असली तर जेवत राहायचा.

माझी गिटारही त्याच दरम्यान गेली. त्या कॅसेटबरोबर वाजवायला मी तारा ओढून ओढून तिच्या उंचीला नेत होतो, त्या तुटायच्या. बोटं त्या वेगाला पोचायची नाहीत. दोन वर्षं झगडलो आणि माळ्यावर टाकली. आपल्याच्याने होत नाही, संपलं.

आता सीडीकडे येतो. मुंबईला कामाला गेलो होतो, तिथे दुकानात दिसली. तीच टोपी, तोच फोटो. वर लिहिलेलं, मूळ ध्वनिफितीवरून नव्याने सुधारलेली आवृत्ती. कॅसेट तोवर घासून घासून बसली होती. मी उडीच मारली. घरी आलो, हातपायसुद्धा न धुता लावली.

आवाज असा स्वच्छ की मी दचकलो. काच तारेला टेकते त्याची टिकटिक ऐकू येते. खुर्ची करकरते. पण पहिल्या दोन ओळींतच माझं टाळकं सरकलं. गाणं हळू होतं! जड, ढिलं. माझा चपळ, तडफदार, तारेवर नाचणारा माणूस कोणीतरी पळवून नेला होता आणि त्याच्या जागी एक थोराड, थकलेला बाप्या आणून बसवला होता. मी बायकोला म्हटलं, या लोकांनी वाट लावली. ती म्हणाली, मला तर बरं वाटतंय. मी म्हटलं, तुला काय कळतंय. मग प्लेअरचा प्लग बदलला, दुसऱ्या खोलीत लावून बघितलं, शेजाऱ्यांकडे लावून बघितलं. दोन दिवस धुमसलो आणि तिसऱ्या दिवशी प्लेअर उचलून बाजारपेठेत दुरुस्तीवाल्याकडे नेला.

"हळू चालतोय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "साहेब, सीडी हळू चालत नाय. चालते नायतर नाय चालत."

"अहो मी तेरा-चौदा वर्षं ऐकतोय हे! मला माहीत नाही होय?"

"मग त्यांनीच तसं केलं असेल. आत पुस्तक दिसतंय. वाचलंत काय?"

नव्हतं वाचलं. मी पायरीवर बसून वाचलं. बाराव्या पानावर लिहिलं होतं, की रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओतलं यंत्र किंचित मंद चाललं होतं, त्यामुळे ते रेकॉर्डिंग नेहमीच्या वेगाने वाजवलं की पळतं, आणि तेव्हापासून निघालेली प्रत्येक रेकॉर्ड आणि प्रत्येक कॅसेट किंचित जलद वाजत आली आहे. जवळजवळ पाव स्वर वर. या आवृत्तीत तो वेग पहिल्यांदाच दुरुस्त केला आहे.

मग ती शिवी.

घरी येऊन सीडी परत लावली. आता मला श्वास ऐकू आले. लांब, भरपूर, पोटातून आलेले. छाती केवढी होती त्या माणसाची! तिसऱ्या गाण्यात एक शब्द म्हणून तो गप्प होतो, ते मला इतकी वर्षं रागाने गप्प झाल्यासारखं वाटत होतं. राग नव्हता तो. माणूस थकला होता, त्याच्याच्याने पुढचं बोलवत नव्हतं, म्हणून गिटार बोलत होती. आणि वेग? हा वेग माझ्या बोटांना जमला असता. मी माळ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. सगळ्या जगात एकाच माणसाने हे ओळखलं होतं, निम्म्या सेलवर, पडवीत बसून. आणि मी त्याचं हसं करून ठेवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी निघालो. कशेडीत दरड आली होती, ट्रक पार पोलादपूरच्या अलीकडे उभे. एसटीने मध्येच उतरवलं. पावसात चिखल तुडवत, छातीशी प्लेअर धरून मी वाडी गाठली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मामा पडवीत दोरी वळत होता. गुडघे गेलेले, केस सगळे पांढरे.

मी सीडी लावली. मामाने दोरी सोडली नाही. पहिलं गाणं झालं. दुसरं अर्धं झालं.

"हे ऐकलंय मी," तो म्हणाला.

"कधी?"

"तू परीक्षेला गेला होतास तेव्हा. चार दिवस हेच तर ऐकत होतो."

मी पुस्तिका काढली आणि बारावं पान मराठी करून सांगितलं. ओरिजिनल चुकला होता मामा, असं म्हटलं. तुझंच बरोबर होतं. मी गाढव होतो.

मामाने दोरीला पीळ दिला. "बरं," म्हणाला.

बरं? मी वाट बघत राहिलो. त्याने मला शिव्या घालाव्यात, थोबाडीत द्यावी, निदान 'बघ, सांगत होतो' एवढं तरी म्हणावं. मी चौदा वर्षांचं ओझं घेऊन चिखलातून आलो आणि हा माणूस बरं म्हणून म्हशीला वैरण टाकायला उठतो! मामीने जेवायला वाढलं. मामा पावसाचं बोलला. मी भयंकर वैतागून घरी परतलो.

मग मीच ठरवलं, जिथे घालवलं तिथेच भरून द्यायचं. त्या वर्षी गणपतीत मामाच्या घरी मंडळ भजनाला आलं. संध्याकाळची आरती झाली, माणसं ओटीवर बसली होती. जुन्यांपैकी मृदंगवाला होता, दोन टाळकरी होते. बाकी नवी पोरं, सुरतेहून, मुंबईहून आलेली. मी उभा राहिलो. पुस्तिका हातात धरून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. यंत्र मंद कसं चाललं, वेग कसा चुकला, मामाने कसं ओळखलं.

सगळे ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "म्हणजे ओरिजिनल खरंच चुकला होता!"

आणि हास्याचा स्फोट झाला. पोरांना वाटलं मी ती म्हण झालेली थट्टा रंगवून सांगतोय. त्यांच्यासाठी ते वाक्य म्हणजे नुसता विनोद, त्यामागे कोणी माणूस होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकजण ओरडला, "आता पुस्तकपण चुकलंय!" परत हशा. मृदंगवाला तेवढा हसला नाही. पण तोही मान हलवून म्हणाला, "जाऊ दे रे, जुनं झालं." मी भडकलो. "अरे हसताय काय? छापलंय इथं! वाचा! ज्याला येतं त्याने वाचा!" पुस्तिका मी एकेकाच्या तोंडासमोर नाचवली. कोणीतरी खिरापत पुढे केली. मामा पेटीमागे बसला होता, मान खाली.

माणसं पांगली. मी ओटीच्या कठड्याला टेकून घाम पुसत बसलो. तोंड दाखवायची सोय नव्हती राहिली. निस्तरायला गेलो आणि एकाचं दोन करून ठेवलं होतं.

"ते पुस्तक आण इकडं," मामा म्हणाला.

मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"वाच."

"सांगितलं ना तुला सगळं."

"तू मराठीत सांगितलंस. त्यांनी लिहिलंय तसं वाच."

"इंग्रजीत? मामा, तुला काय कळणार?"

हे बोललो आणि जीभ चावली. मामाने पेटीचा भाता उघडला, पांढरी तीन दाबली आणि धरून ठेवली. चौदा वर्षांनी मी त्याला पट्टीकडे न बघता स्वर लावताना बघत होतो.

मी वाचलं. तीन ओळी. मामा डोळे मिटून ऐकत होता, एकही शब्द न कळता, गाणं ऐकायचा तसा. पेटी चालूच होती.

"परत वाच," म्हणाला.

मी परत वाचायला लागलो. अक्षरं पुसट दिसत होती, कसंतरी शेवटाला पोचावं म्हणून मी शब्दांवर शब्द टाकत सुटलो होतो. मामाने पट्टीवरचं बोट न काढता दुसरा हात वर केला.

"सावकाश," तो म्हणाला. "पळतोयस."